‘नवव्यात बाळ शांतच होतं’ म्हणे!

‘शेवटचे तीन महिने : प्रत्येक गर्भवतीने वाचावे’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर गुलाबाची फुलं, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. परवा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिला आठवा सरत आलाय. तिने मला विचारलं, “मावशी, सकाळपासून कमी हलतंय, पण यात लिहिलंय तसं ते नॉर्मलच ना?” तिला आधी दवाखान्यात पिटाळलं, मेसेज नंतर वाचला. (बाळ ठीक आहे.)

पहिलाच मुद्दा : ‘जागा अपुरी पडते म्हणून शेवटी हालचाल मंदावते, काळजी नसावी.’ साफ खोटं, आणि जीवावर बेतणारं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०११ची मार्गदर्शिका खास याच विषयावर आहे. हालचाली साधारण ३२व्या आठवड्यापर्यंत वाढतात, मग तेवढ्याच राहतात; दिवस भरत आले म्हणून कमी होत नाहीत. २८ आठवड्यांनंतर शंका आली तर डाव्या कुशीवर पडून फक्त पोटाकडे लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा हालचाली नाही जाणवल्या तर तडक दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. एवढं मात्र खरं, की लाथांपेक्षा ढकलणं, वळणं जास्त जाणवू लागतं. बाळ झोपतंही, पण बहुधा २० ते ४० मिनिटं. अख्खी सकाळ नाही!

‘पाय सुजतातच, मीठ सोडा.’ पाय सुजतात, मान्य. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकू लागलं, तर आधी बीपी मोजा. ते १४०/९० निघालं तर मीठ सोडून भागत नाही.

‘लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं.’ काळी होते ती आईची शी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला, आणि हे शहाणे गोळ्या बंद करायला सांगतात. फक्त ती गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

तुपाने सुटका सोपी होते म्हणे. तूप आतड्यात जातं, गर्भपिशवीत नाही. केशराबद्दल तर बोलतच नाही.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ हे आजीच्या तोंडून ऐकलं होतं, आता मोबाइलवरही आलं. पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्याने फुप्फुसं पक्की होत जातात, मग आठव्यातलं बाळ मागे कसं पडेल?

मेसेजमध्ये नसलेली कामाची गोष्ट : २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट होते. बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, सगळं तिथेच बघतात.