‘एकदा गाडीखाली झोपून बघा’ म्हणणाऱ्या वाचकास

छोट्या हौद्याच्या पिकअपचा दणका कमी कसा करायचा, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात देतो. तुमचं म्हणणं असं: मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या लोखंडी स्प्रिंगपट्ट्या, म्हणजे पाटे, त्यातले दोन काढले की गाडी मऊ होते, तासाभराचं काम आहे, बुश (पाट्यांच्या टोकांच्या जोडातलं रबर), ग्रीस आणि हवा हे सगळं उगाच खर्चात पाडणं आहे, त्यातही मी सांगितलेली हवा भरलेल्या गाडीला कमी पडते, पाचशे किलो द्राक्षांसाठी दीड टनाची गाडी घेतली हीच मुळात चूक, शॉकॲब्सॉर्बरवर मी दोनच ओळी लिहिल्या. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेख लिहिण्यापेक्षा एकदा गाडीखाली झोपून बघा.’

आधी एक गोष्ट मान्य करतो. मागच्या टायरात ४० पीएसआय हवा ठेवा असं मी लिहिलं, पण ते रिकाम्या किंवा हलक्या गाडीपुरतं आहे हे लिहायचं राहिलं. पूर्ण माल भरला की माझ्या गाडीत मागे ६० लागते. कमी हवेवर वजन ओढलं तर टायर तापतो आणि फुटू शकतो. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मला कोणी चुकलास म्हटलं तर राग येत नाही. पण समोरच्याचं आयुष्य माहीत नसताना तो खुर्चीत बसून लिहितो असं धरून चालायचं, ही कुठली रीत? माझे वडील मेटॅडोर चालवायचे. मी सातवीत असताना पहिल्यांदा गाडीखाली गेलो, ते ग्रीसगन धरायला. शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या, कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं पिवळं दिसेपर्यंत निपलात पंप मारायचा, ही त्यांची शिस्त. एकदा मी चार पंपात काम उरकलं, तर त्यांनी मला पुन्हा खाली पाठवलं. तेव्हापासून मी गाडीखाली किती वेळा झोपलो याचा हिशेब तुम्हाला द्यायची मला गरज वाटत नाही. तरी देतो, कारण त्या लेखातली प्रत्येक ओळ तिथूनच आली आहे.

२०१६ साली आम्ही पिकअप घेतली. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या बागेपासून पॅकहाउस २२ किलोमीटर. तिसऱ्या हंगामात वडील शेजारच्या सीटवर बसायचे बंद झाले, कंबर धरायची. द्राक्षांचे हाल वेगळेच. क्रेट उतरवले की तळाला सुटे मणी पडलेले. एका सकाळी मी क्रेटवर खडूने खुणा केल्या. केबिनला टेकलेल्या क्रेटमध्ये मूठभर मणी, मागच्या फाळक्याजवळच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या ॲक्सलच्याही मागे असलेल्या क्रेटमध्ये ओंजळभर. माल तोच, रस्ता तोच. ॲक्सलच्या मागचा भाग सगळ्यात जास्त उडतो. त्यात छोट्या हौद्याच्या गाडीत पुढचं आणि मागचं चाक जवळ, त्यामुळे पुढचा खड्डा पचतोय तोच मागचा बसतो आणि गाडी डोलायला लागते. म्हणून लेखात लिहिलं की हलका माल केबिनकडे सरकवून बांधा. याला एक रुपया लागत नाही. हाही खर्च वाटला का तुम्हाला?

मग मी गाडीखाली झोपलो. हो, झोपलो. पाठीखाली गोणपाट आणि हातात मोबाईलची बॅटरी. पाट्यांच्या टोकांवर वाळलेला चिखल होता. महिनाभर गाडी खडकाळ रस्त्यावर चालली होती, पण त्या चिखलाला एक चीर नव्हती. पाटे एकमेकांवर सरकत असते तर चिखल तडकून गळून पडला असता. फटीतून विटकरी भुकटी निघत होती. गंजाने पाटे एकमेकांना धरून बसले होते, सहा पाट्यांचं जणू एकच जाड लोखंड झालं होतं. त्यातले दोन काढून उरलेले चार तसेच गंजके ठेवायचे, याला तुम्ही दुरुस्ती म्हणता!

पाटे सोडवले, तारेच्या ब्रशने घासले, ग्रीस लावून बसवले. दोन्ही बाजूंचे मिळून सहा बुश बदलले. तरी एका बाजूने दणका होताच. पुन्हा खाली गेलो तेव्हा कळलं. गॅरेजवाल्याने बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले होते. चाकं जमिनीवर आली की रबर आधीच पिळलेलं, मग ते मऊ कसं वागणार? बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली आणि मग आवळले. फरक त्याच संध्याकाळी गावच्या फरशी पुलावर जाणवला. सगळा खर्च ३,२०० रुपये.

पाटे काढण्याचं म्हणाल तर तेही आमच्या घरात होऊन गेलंय. माझ्या मेहुण्याने २०१९ साली असेच दोन काढले. रिकामी गाडी खरंच मऊ झाली, महिनाभर तो सगळ्यांना सांगत फिरला. मग उमराण्याहून कांदा भरला आणि राहूड घाटात ब्रेक दाबताना मेन पाटा डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या बुश बसतो त्या गोल वळशापाशी, मोडला. ॲक्सल तिरका झाला. कठड्याला घासून गाडी थांबली म्हणून तो आज आहे. पाटा नुसतं वजन झेलत नाही. ॲक्सलला जागेवर धरतो, ब्रेकचा पीळही तोच घेतो. शिवाय बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व ॲक्सलला दांडीने जोडलेला असतो. हौदा खाली बसला की त्याला गाडी भरलेली वाटते आणि तो मागे जास्त जोर सोडतो. पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी जाते ती अशी. मेहुण्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्या रात्री मालेगावच्या दवाखान्यात मी घेऊन गेलो होतो. तेव्हा ‘तासाभराचं काम’ हे शब्द माझ्यासमोर तरी जपून वापरा.

गाडी मोठी घेतली म्हणता, तर ऑक्टोबरात तीच गाडी खताच्या गोण्या आणते आणि उन्हाळ्यात कांदा. शेतकऱ्याने दोन गाड्या ठेवाव्यात असं तुमचं म्हणणं असेल तर त्यावर काय बोलायचं. शॉकॲब्सॉर्बरवर पुन्हा कधीतरी.

तुम्ही तुमच्या गाडीचे पाटे काढले आहेत असं प्रतिक्रियेवरून दिसतं. ते भंगारात दिले नसतील तर या आठवड्यातच परत बसवून घ्या. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र नवे घ्या, जुनेच परत आवळू नका, आणि पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावून बघा.