नवरात्रात वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

नऊ दिवस उपवास करून घट उठले त्या दिवशी माझं वजन अडीच किलोने कमी भरलं. मैत्रिणींनी कौतुक केलं. दिवाळीपर्यंत त्यातले दोन किलो परत आले. दरवर्षी हेच होतं, म्हणून यंदा बसून हिशेब मांडला.

एक किलो चरबी घटवायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. नऊ दिवसांत अडीच किलो चरबी जायची तर रोज २,१०० कॅलरींची तूट हवी. एवढं तर मी एरवी दिवसभरात खातही नाही! मग गेलं काय? मुख्यतः पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा संपतो, पुन्हा जेवायला लागलो की भरतो. रमजानच्या रोज्यांवरच्या अभ्यासांतही असंच दिसलंय: महिनाभरात सरासरी किलो-सव्वा किलो उतरतं आणि पुढच्या काही आठवड्यांत बरंचसं परत येतं.

पाणी परत येतं हो. प्रथिनं कमी पडून झिजलेले स्नायू तसे सहज येत नाहीत, आणि माझी खरी काळजी ती आहे.

माझी आई सत्तरीची. सोमवार, दोन्ही एकादशा, संकष्टी. मोजून पाहा, वर्षाचे ८५ च्या आसपास दिवस होतात, वर नवरात्र वेगळं. त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, रात्री बटाट्याचा कीस नाहीतर रताळं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. जी मिळतात ती कुटातून. भारतीय आहारमानानुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. आईच्या उपवासाच्या ताटात त्याच्या निम्मीही नसतात. शिवाय त्याच दिवशी घरच्यांचा सगळा स्वयंपाक तीच करते. आता तिला पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागतो. सगळं उपवासामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, वयही आहेच. पण त्या वयातच प्रथिनं जास्त जपायची असतात ना?

‘उपवासाला चालत नाही’ म्हणणाऱ्यांना एक सांगते. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज येण्याआधी आपल्या पूर्वजांनी ते पाहिलंही नव्हतं, तरी आज ते फराळाच्या ताटात आहे. कुणाकडे जिरं चालतं, कुणाकडे कोथिंबीर चालत नाही. ही यादी माणसांनीच केली आणि माणसांनीच वाढवली.

दूध, दही, ताक, पनीर, राजगिरा, शेंगदाणे तर आजही चालतात. मग ताटात साबुदाणा डोंगराएवढा आणि दही चमचाभर का? ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी जुन्या बायकांनीच उठता-बसता उपवास (नवरात्राच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी) ठेवलाय, काही घरांत भाजलेल्या धान्याचा धान्यफराळ आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नका.

आईची श्रद्धा मला मोडायची नाही. तिचा सोमवार तिचा आहे. या सोमवारी मी तिच्यासाठी राजगिऱ्याची भाकरी केली, वाटीभर घट्ट दही आणि दाण्याची आमटी. म्हणाली, “एवढं कसं खाऊ गं, उपवास आहे.” मग सगळं संपवलं, आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाली की आज दुपारी आडवं पडावंसं वाटलं नाही.