सगळं आमदाराच्या हातात? नाही हो!

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. नगरसेवक असले काय नि नसले काय, शहर आमदारच चालवतो. आयुक्त महापौरांच्या हाताखालचे. तेव्हा पाणी, वीज, घराचं हस्तांतर, काहीही अडलं की आमदाराला धरा. लोकांची चीड खरी आहे. पण या मजकुरातलं एकही विधान बरोबर नाही, आणि त्यापायी आपले अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतात.

आयुक्तांना महापौर नेमत नाहीत, राज्य सरकार नेमतं. 1949 च्या महापालिका अधिनियमात तसं स्पष्ट आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये नवी मुंबईच्या महासभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर मोठ्या बहुमताने अविश्वास ठराव केला. तरी ते पदावर राहिले. बदली झाली मार्च 2017 मध्ये, तीही सरकारने केली.

नगरसेवक नसले तरी चालतं, हे तर मला मुळीच मान्य नाही. मे 2020 मध्ये इथल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासकाचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, कारभार राहिला. एरवी रस्त्याचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे, येतो. तिथे एखादा सदस्य कागद उलटून विचारतो, हा दर कुठून आला? हेच गटार मागच्या वर्षी बांधलं ना? प्रशासकाच्या काळात महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे गेले. प्रस्ताव त्याच्याच प्रशासनाचा, मंजुरीही त्याचीच. आमदार कितीही कामसू असो, स्थायी समितीत त्याला मत नसतं.

राहिलं ‘काहीही अडलं की’. पाणी महापालिकेचं, मोरबे धरणही तिच्याच मालकीचं. वीज महावितरणची. पोलीस गृह खात्याचे. घराचं हस्तांतर मात्र अनेकदा सिडकोकडे जातं, कारण इथली बरीच जमीन सिडकोने 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. सिडको म्हणजे 1970 साली स्थापन झालेली, राज्य सरकारच्या मालकीची कंपनी. ती नगरविकास खात्याखाली येते. महापालिकेचा तिच्यावर हुकूम चालत नाही.

आमदाराचं खरं काम इथे लागतं. सिडको, महावितरण, एमआयडीसी (औद्योगिक वसाहतींचं महामंडळ) ज्या मंत्र्यांच्या खात्यांत येतात, त्यांना तो विधानसभेत उभं करू शकतो: तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना), उपप्रश्न. एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे याचा कायदाही तिथेच होतो, आणि तो 2016 पासून अनेकदा बदललाय. त्या प्रत्येक वेळी आपल्या आमदाराने काय भूमिका घेतली, हे आपण विचारलं का?

तेव्हा तुंबलेल्या गटाराचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या आणि आवक क्रमांक घेऊन या. आमदारांच्या कार्यालयात जाल तेव्हा एवढंच विचारा: भाडेपट्ट्याबद्दल गेल्या अधिवेशनात प्रश्न टाकला होता का, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं?