वेळ नाही म्हणतात आणि हातात टाइम मशीन!

'डार्क' बघायची तर पहिले खिडक्यांचे पडदे ओढायला लागतात. वातावरणनिर्मिती वगैरे काही नाही, नाइलाज आहे. दिवसाउजेडी लावली की अर्धा एपिसोड स्क्रीनमध्ये आपलंच तोंड दिसतं, डोक्यामागे पंखा गरगरतोय, आणि त्या पंख्याच्या पात्यांमधून कुठेतरी एक जर्मन माणूस टॉर्च घेऊन गुहेत शिरतोय. ब्राइटनेस फुल्ल केला तरी तेच. बरं, या विंडेन नावाच्या गावात चक्क अणुवीज प्रकल्प आहे, कूलिंग टॉवर सतत दिसत असतात, आणि गावात एकाच्या घरात धड लाइट लावतील तर शपथ! स्वयंपाकघरात अंधार, पोलीस स्टेशनात अंधार, बेडरूममध्ये तर विचारूच नका. वीज सगळी बाहेरगावी विकत असावेत.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुढे सगळं फोडलंय, पण घाबरू नका, बघून झालेल्यांनाही नीट कळलेली नसते, तुमचं काय बिघडणारे.) नेटफ्लिक्सची ही पहिली जर्मन सिरीज, १ डिसेंबर २०१७ ला आली. २०१९ साल, विंडेनमध्ये पोरं हरवायला लागतात. मिकेल नावाचा एक लहान मुलगा गुहेपाशी गायब होतो आणि निघतो कुठे, तर १९८६ मध्ये. ३३ वर्षं मागे. अजून ३३ मागे गेलं की १९५३. ३३ च का, तर सूर्याचं आणि चंद्राचं गणित तेवढ्या वर्षांनी जुळतं म्हणे. मला वाटलं टीव्हीवाल्यांची थाप असेल म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, तर खरंच ३३ सौर वर्षं आणि ३४ चांद्र वर्षं यात चार-पाच दिवसांचाच फरक निघतो. तिथे माझा या लोकांवर विश्वास बसला आणि तिथेच मी फसलो.

ज्या मित्राने बघ म्हणून सांगितलं त्याने वर दमही दिला होता, की डब केलेली बघायची नाही, जर्मनच बघायची, सबटायटल लावून. म्हणजे नजर हलवायची सोय नाही. एक शिंक आली की एक पिढी हुकते. मोबाइल वाजला आणि बघितलं कोणाचा आहे, तेवढ्यात इकडे ज्याला आपण आजोबा समजत होतो तो नातू निघालेला असतो आणि परत रिवाइंड.

मग मी कागद घेतला. चार घराणी, कानवाल्ड, नीलसन, डॉप्लर, टीडेमान, प्रत्येकाचा वेगळा रंग, बाण, तुटक बाण, बाणावर प्रश्नचिन्ह. एकेका माणसाची तीन-तीन वयं आणि तिन्हीचे नट वेगळे, पण काय निवडलेत राव! नाक, जिवणी, मान वळवायची पद्धत, सगळं जुळतं. पहिल्याच सीझनमध्ये स्क्रीनचे दोन भाग करून एकाच माणसाचा तरुण आणि म्हातारा चेहरा शेजारी शेजारी दाखवतात तेव्हा मी मोठ्याने थँक्यू म्हणालो होतो, कारण त्या एका गाण्यात माझे निम्मे बाण बरोबर असल्याचं कळलं.

आई खोलीत असायची पण बघत नसायची. ती पेपर वाचायची. तिचं म्हणणं, इतका पाऊस आणि इतका अंधार बघून माणसाला सर्दी होईल. तर पहिल्या सीझनच्या मध्यावर कुठेतरी योनासच्या हातात वडिलांची चिठ्ठी येते. योनास म्हणजे हिरो, पिवळा रेनकोट, तोंड कायम पडलेलं. वडील म्हणजे मिखाएल, ज्याने अगदी सुरुवातीलाच गळफास घेतलाय. आणि चिठ्ठीत काय, तर तो हरवलेला मिकेल म्हणजेच मी, १९८६ मध्ये गेलो, तिथेच वाढलो, लग्न केलं, तुझा बाप झालो. मी पॉज केलं. उभा राहिलो, परत बसलो, नाही नाही नाही असं काहीतरी म्हणत होतो. आईने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "तो हरवलेला पोरगा त्या मुलीचा धाकटा भाऊ ना रे? जिच्या मागे हा रेनकोटवाला असतो?"

"हो."

"मग ती त्याची आत्याच झाली की." आणि पान उलटलं.

मला हे कळायला अजून दोन मिनिटं लागली असती! आत्याबाईला मिशा असत्या तर काय झालं असतं याची चर्चा आपण पिढ्यानपिढ्या केली, पण आत्याबाईवर भाच्याचं प्रेम बसलं तर काय, याला आपल्याकडे म्हणच नाही. मार्था आणि योनास समोर आले की लोकांना म्हणे प्रेमकहाणी दिसायची, मी मात्र त्यानंतर प्रत्येक वेळी "अरे आत्या आहे ती, आत्या!" असं स्क्रीनवर ओरडत होतो. योनासला हे कळलेलं असतं, म्हणून तो तोंड पाडून लांब जातो, आणि तिला कळलेलं नसतं, म्हणून ती रडते. सांग ना तिला! तर नाही.

आणि हीच माझी या सिरीजबद्दलची खरी तक्रार. इथे कोणी कोणाला काहीही सांगत नाही. कोणीही प्रश्न विचारला की समोरचा तीन सेकंद टक लावून बघतो, बॅकग्राउंडला ते धडकी भरवणारं घुंऽऽऽ वाजतं, आणि मग तो म्हणतो की योग्य वेळ आली की कळेल. नाहीतर, आता समजवायला वेळ नाही. अरे, टाइम मशीन आहे ना तुझ्या हातात? पितळी डब्यासारखं ते, चक्रं फिरणारं? वेळ नाही हे कारण जगात फक्त तुला एकट्याला देता येत नाही! कालच्या तारखेला जा, चहा घेत निवांत सांग, परत ये. अणुवीज प्रकल्पाची बॉस क्लाउडिया तेच करते, पाद्री नोआ तेच करतो, आणि सगळ्यात संताप म्हणजे तो दाढीवाला अनोळखी माणूस, जो पुढे स्वतः योनासच निघतो. म्हणजे हा माणूस स्वतःच्याच तरुणपणाला येऊन भेटतो आणि तिथेही अर्धवट बोलतो. ज्याला कोणी नीट न सांगितल्यामुळे आयुष्यभर त्रास झाला तोच हा, आणि स्वतःला भेटून तेच करतोय. मिकेलला परत आणलंस तर तू जन्मालाच येणार नाहीस एवढं मात्र आवर्जून सांगतो, म्हणजे टेन्शन तेवढं पूर्ण द्यायचं आणि माहिती निम्मी.

उलरिशचं तर काय सांगावं. हा मिकेलचा बाप आणि पेशाने पोलीस. मुलगा हरवला, तेहतीस वर्षांपूर्वी भाऊपण हरवला होता, माणूस पिसाटणारच, मला मान्य आहे. तो हेल्गे नावाच्या म्हाताऱ्याचा पाठलाग करत गुहेतून १९५३ मध्ये जातो आणि तिथे शाळकरी वयाचा हेल्गे दिसल्यावर दगड उचलतो. का, तर याला आत्ताच संपवला की पुढचं काही होणारच नाही. मी पलंगावरून ओरडतोय, "अरे कान बघ त्याचा! म्हाताऱ्याचा कान आठव!" कारण २०१९ मधल्या म्हाताऱ्या हेल्गेचा कान आणि गालाची ती बाजू पहिल्यापासून विद्रूप दाखवली आहे. म्हणजे तू मारणार, तो वाचणार, आणि ती खूण तुझीच. पलंगावर लोळणाऱ्या माणसाला जे कळतं ते ड्यूटीवरच्या पोलिसाला कळू नये? मारलाच दगड. आणि मग १९५३ च्या पोलिसांनी धरला याला, तो अडकला तिकडे कायमचा. पुढच्या सीझनमध्ये वेड्यांच्या इस्पितळात म्हातारा झालेला उलरिश दिसतो आणि मिकेल त्याला भेटतो तेव्हा मात्र मी काही ओरडलो नाही. घशात अडकलं होतं.

रात्री झोप न लागायचं कारण वेगळंच. टानहाउस नावाचा एक घड्याळजी असतो, तो मशीन बनवतोय पण ते पूर्ण होत नाहीये. मग १९८६ मध्ये तो दाढीवाला त्याच्याकडे बिघडलेलं मशीन दुरुस्तीला आणतो. घड्याळजी त्याच्यावरून बघून बघून आपलं पूर्ण करतो. आणि हे पूर्ण झालेलं मशीनच पुढे वापरून वापरून बिघडतं आणि दुरुस्तीला येतं. मग मुळात ते डोक्यातून काढलं कोणी? कोणीच नाही! मी अंधारात छताकडे बघत हाच विचार करत पडायचो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जांभया, आणि साहेबांनी विचारलं तर सांगणार काय.

दुसरा सीझन आला २१ जून २०१९ ला, ज्या तारखेला मिखाएल गळफास घेतो बरोब्बर त्याच दिवशी, आणि तिसरा २७ जून २०२०, म्हणजे कथेत जगबुडी होते तो दिवस. हुशार आहेत, पण मधल्या दीड वर्षात प्रेक्षकाचं काय होतं याचा विचार नाही. मला फक्त रेनकोट आठवत होता. कागद शोधला, सापडला, पण तुटक बाण म्हणजे काय हे लिहून ठेवलेलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. त्यात दुसऱ्या सीझनने शार्लोटचा बॉम्ब टाकला. शार्लोट ही एलिझाबेथची आई. आणि एलिझाबेथ ही शार्लोटची आई. दोन्ही एकदम. हे मात्र मी मुद्दाम आईला सांगितलं, कारण नात्यांच्या बाबतीत तिला कधीतरी अडकलेलं बघायचं होतं. तिने चष्मा काढला. बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग बाळंतपणाला आईकडे कोण कोणाच्या गेलं?"

तिसऱ्यात तर दुसरं जगच आलं. तिथली मार्था वेगळी, ओळखायची कशी तर कपाळावर झुलपं आहेत. एपिसोडच्या एपिसोड मी अभिनय वगैरे सोडून फक्त हेअरस्टाइल बघत होतो. तिला आणि योनासला मुलगा होतो, त्याचा मुलगा ट्रोंटे, त्याचा उलरिश, आणि उलरिशची मुलगी कोण, तर मार्था. म्हणजे बाई स्वतःचीच खापरपणजी. योनास तर त्याच्याही वरचा निघतो, तिथे आईचीही बोटं मोजायची थांबली. "इथून पुढे नुसतं पूर्वज म्हणायचं," असा तिने निकाल दिला.

शेवटी कळतं की ही दोन्ही जगं चुकून झालेली. मूळ जगात टानहाउसचा मुलगा, सून, नात गाडीच्या अपघातात गेले, त्यांना परत आणायला त्याने मशीन बनवलं आणि जगाचे दोन तुकडे पडले. योनास आणि मार्था तो अपघातच होऊ देत नाहीत, आणि या गुंत्यातून जन्मलेले सगळे पुसले जातात. सगळे! माझ्या कागदावरची जवळजवळ निम्मी मंडळी कधी नव्हतीच! एकूण २६ एपिसोड बघून माझ्या हातात काय राहिलं, तर एक जेवणाचं टेबल, त्याभोवती गुहेच्या भानगडीतून न जन्मलेली पाच-सहा माणसं, आणि मधेच लाइट जातात. (जातातच म्हणे. इतके दिवस होते कुठे?) आई पेपर बाजूला ठेवून चक्क बघत होती. टेबलाशी हाना, म्हणजे योनासची आई, बसलेली, पोटुशी, भिंतीवरच्या पिवळ्या रेनकोटकडे बघत. बाळाचं नाव ठरलं का विचारतात तिला, आणि ती म्हणते, योनास नाव छान आहे.

"अरे, फोन करा रे कोणीतरी तिला," आई म्हणाली, "दुसरं काहीही ठेव म्हणावं!"