सुझन स्ट्रेंज यांच्यावरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

आंतरराष्ट्रीय अर्थकारणातल्या सत्तेचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश अभ्यासक सुझन स्ट्रेंज यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत: एक, त्या मुळात पत्रकार, लिखाणात गणित नाही, म्हणून ते संशोधन नव्हे; दोन, जागतिक वित्तबाजार संगणक आणि दूरसंचारामुळे वाढला, त्यात राजकारण ओढूनताणून आणलंय; आणि तीन, २००८ च्या आर्थिक संकटात सरकारांनीच बँका वाचवल्या, तेव्हा ‘राज्यसंस्थेची माघार’, म्हणजे बाजारापुढे सरकारांची सत्ता ओसरली, हा त्यांचा सिद्धान्त निकालात निघाला.

पहिल्या मुद्द्यावर थोडक्यात. त्या ‘इकॉनॉमिस्ट’ आणि ‘ऑब्झर्व्हर’मध्ये होत्या, हे खरं. पण पौंडाचा जागतिक चलन असण्याचा मान टिकवणं ब्रिटनला केवढ्याला पडलं, यावरचं त्यांचं १९७१ चं पुस्तक वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून आलेलं आहे. नियम कोण ठरवतं, हा त्यांचा प्रश्न होता. तो समीकरणात बसत नाही म्हणून बिनमहत्त्वाचा कसा ठरेल?

दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लंडनमधल्या बँका डॉलरमध्ये ठेवी घेऊ लागल्या त्या १९५० च्या दशकात, म्हणजे व्यवहार टेलेक्सवर चालत होते तेव्हा. अमेरिकेत ठेवींवरच्या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा होती. लंडनमध्ये या डॉलरांना ती लागू नव्हती. बँक ऑफ इंग्लंडने हा व्यवहार रोखला नाही, कारण सिटीला, म्हणजे लंडनच्या बँकपेठेला, धंदा हवा होता. वॉशिंग्टननेही तो मोडून काढला नाही. पुढे १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि काही वर्षांत चलनांचे विनिमय दर तरंगते झाले, म्हणजे बाजारावर ठरू लागले. स्ट्रेंज यांनी १९८६ च्या ‘कॅसिनो कॅपिटलिझम’मध्ये अशा घेतलेल्या निर्णयांइतकंच वजन न घेतलेल्या निर्णयांना दिलं. ज्याच्या हातात रोखणं होतं आणि ज्याने रोखलं नाही, त्याने सत्ता वापरलीच. संगणकाने वेग दिला. वाट आधीच मोकळी झाली होती.

तिसऱ्या आक्षेपाशी मी अर्धा सहमत आहे. ‘माघार’ या शब्दाने सगळी राज्यं सारखीच दुबळी झाल्यासारखं वाटतं. पण अमेरिकेचं वर्चस्व संपलं ही समजूत खोटी आहे, असं त्यांनीच १९८७ मध्ये ठासून मांडलं होतं, आणि २००८ ने ते खरं ठरवलं. त्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, युरोपीय मध्यवर्ती बँक, बँक ऑफ इंग्लंड आणि स्विस नॅशनल बँकेला हवे तेवढे डॉलर देऊ केले. ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरला प्रत्येकी ३० अब्ज डॉलरपर्यंत. त्या यादीत भारत नव्हता. डॉलर कोणाला मिळणार हे एक संस्था ठरवते, तिला आपण निवडून देत नाही. स्ट्रेंज ज्याला संरचनात्मक सत्ता, म्हणजे इतरांना ज्या चौकटीत वागावं लागतं ती ठरवण्याची ताकद, म्हणायच्या ती हीच. मे २०१३ मध्ये फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्के यांनी फेडची रोखेखरेदी आवरती घेण्याचं नुसतं सूचित केलं, तर डॉलरला साधारण ५५ वर असलेला रुपया ऑगस्टअखेर ६८ च्या पलीकडे गेला. आयातीचं बिल भरणाऱ्या प्रत्येकाला त्याची झळ बसली.

तुम्ही गणिती प्रारूपांवर काम करता असं लिहिलंय. डॉलर कोणाला द्यायचे ही यादी ठरवण्याचा अधिकार तुमच्या प्रारूपात कुठे येतो, यावर जरूर लिहा. मला ते मनापासून वाचायचं आहे.