मुद्दा गाजला, आता झोपा

परवा मला आमच्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं. तीस वर्षं वर्गणी देतोय, पावती फाडताना कधी घासाघीस केली नाही, तरी काढलं.

गुन्हा सांगतो. दुपारी तीनला पुण्याहून कोल्हापूरला घरी यायला गाडीनं निघालो. अंतर २३० किलोमीटर. वाटेत चार टोल भरले आणि त्या पैशात रस्ता सोडून बाकी सगळं मिळालं : डायव्हर्शन, धूळ, सर्व्हिस रोडवर कलंडलेला उसाचा ट्रॅक्टर, आणि कराडजवळ एका कंटेनरच्या मागच्या दारावरचा शेर पाठ व्हावा इतकी सवड. घरी पोचलो साडेअकराला. बायकोनं भाकरी वाढली, मी मोबाईल उघडला, तर ग्रुपवर छप्पन सेकंदांचा व्हिडिओ. ‘हायवेप्रश्नी साहेबांनी दिल्ली हलवली! खटक्यावर बोट!’ खाली एकशे अकरा अंगठे. आता हे साहेब कोण ते विचारू नका. आमच्या ग्रुपवर विरोधी बाकावरचा कुठलाही खासदार, मग तो सोलापूरचा असो नाहीतर थेट बिहारचा, आवाज चढला की ‘आपले साहेब’ होतो.

मी खाली चार शब्द लिहिले. ‘मग उत्तर काय आलं?’

सकाळी ग्रुप बंद. गंगावेशीत दूध कट्ट्यावर अ‍ॅडमिन भेटला. फेसाच्या मिशा पुसत म्हणाला, “अण्णा, तुमी बी तिकडल्या पार्टीचं झालासा व्हय?”

तर चूक माझी. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगतो. साहेब संसदेत बोलले की मतदारानं कसं वागावं, याचं शास्त्र आहे.

आधी व्हिडिओ नीट कापायला शिका. साहेब उभे राहिले इथपासून सुरुवात. पीठासीन अधिकारी ‘आपका समय समाप्त हुआ’ म्हणाले ते ठेवा, कारण त्यातून आवाज दाबला जातोय हे दिसतं. त्याच्या पुढच्या सेकंदाला मंत्री उठले तर तिथं कात्री. मंत्र्याचं तोंड उघडलेलं दिसता कामा नये. मागून हलगी लावा.

मागचे बाक रिकामे दिसत असतील तर व्हिडिओ उभा कापावा.

साहेबांनी नेमकं काय केलं, या खोलात शिरू नका. तिथं नाना प्रकार असतात. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. त्यात दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, चिठ्ठी टाकून, आणि तासाभरात त्यातले जेमतेम पाच-सहा तोंडी होतात. शिवाय २३० अतारांकित, म्हणजे लेखी प्रश्न, लेखी उत्तर, ना आवाज ना व्हिडिओ. मग शून्य प्रहर, जो शब्द नियमांच्या पुस्तकात नाहीच. तिथं दोन-तीन मिनिटांत बोलायचं आणि मंत्र्यानं तिथल्या तिथं उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. मग नियम ३७७, त्याखाली २५० शब्दांचा कागद. पुष्कळदा तो वाचलाही जात नाही, नुसता पटलावर ठेवला जातो. आमच्याकडेही लाइटबिल टेबलावर ठेवतात. तेही तिथं महिनाभर गाजत असतं. तर हे सगळे भेद विसरा. तारांकित असो, अतारांकित असो, ३७७ असो, तुम्ही एकच शब्द वापरा : ‘गाजला’.

स्थानिक की राष्ट्रीय, हा घोळ घालू नका. साहेब देशाच्या बेकारीवर बोलले तर ‘गल्लीतल्या गटारीचं काय’ म्हणा, आणि गटारीवर बोलले तर ‘यांना देशाचं काय कळतंय’ म्हणा. दोन्ही वाक्यं पाठ असावीत. पण तीन मिनिटांत साहेबांनी महापूर, अलमट्टी धरण, ऊस, पंचगंगेचं फेसाळ पाणी, कोल्हापुरी चप्पल, विमानतळ, महागाई आणि संविधान असं सगळं घेतलं तर मात्र आक्षेप नको. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसा प्रत्येक मुद्द्यावर रुमाल टाकून ठेवलेला असतो. उद्या कुणी म्हणालं, यावर बोलला नाहीत, की दाखवायला रुमाल हवा. सीटवर बसायचं कुणाला आहे?

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलं तर डिजिटल फलक मोठा लावावा, निदान वीस फुटी, त्यावर खाली शुभेच्छुक म्हणून पोरांचे फोटो. शुक्रवारी दुपारी अडीच तास त्यासाठी राखलेले असतात. स्वातंत्र्यापासून आजवर अशी १४ विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० साली. आपल्याच जिल्ह्यातले राजू शेट्टी यांनी हातकणंगल्याचे खासदार असताना २०१८ मध्ये दोन मांडली होती, एक कर्जमुक्तीचं, एक हमीभावाचं. त्या माणसानं निदान कागद तरी नीट तयार करून नेला. त्या कागदाचं पुढं काय झालं हे आपल्यापैकी कुणी विचारलं? डिजिटल फाटलं, त्याचं कापड कुणाच्या तरी जनावरांच्या गोठ्यावर गेलं. निदान म्हशीच्या अंगावर पाणी गळत नाही.

आणि आता मुख्य सूचना. उत्तर वाचू नका.

कुणीही कितीही सांगो, उत्तर वाचू नका. मी वाचलं. ग्रुपमधून काढल्यावर रात्री झोप येईना म्हणून संसदेच्या संकेतस्थळावर बसलो. आपल्या हायवेवरचं बघायला गेलो, मग आपल्या रेल्वेचं, मग पुराचं, पहाटे तीनपर्यंत पाचपंचवीस वाचली. सगळं तिथं आहे, फुकट आहे, हिंदीत आणि इंग्रजीत आहे. आणि त्याची एक भाषा आहे. ‘(अ) ते (ई) : निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येत आहे.’ पुढं निवेदन. निवेदनात पहिला परिच्छेद योजनेचं नाव, दुसरा परिच्छेद योजनेची उद्दिष्टं, तिसऱ्यात देशभराचे आकडे. विचारलं होतं कोल्हापूरचं. ‘ही निरंतर प्रक्रिया आहे.’ ‘हा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे.’ ‘राज्याकडून प्रस्ताव प्राप्त झालेला नाही.’ आणि मुंबईला गेलं की ऐकायचं, केंद्राच्या मंजुरीची वाट बघतोय! म्हणजे दिल्लीवाला मुंबईकडं बोट दाखवतो, मुंबईवाला दिल्लीकडं, आणि कराडजवळ माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये.

रेल्वेचं घ्या. मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली १८९१ साली. तेव्हापासून रूळ जो आपल्या स्टेशनात येऊन थांबलाय तो थांबलाच आहे, पुढं भिंत. वैभववाडीपर्यंत १०७ किलोमीटर जोडले की कोकण रेल्वे मिळते, बंदर मिळतं, घाटातला ट्रकचा लोंढा कमी होतो. २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात या मार्गाचं नाव आलं. तेव्हा आपण फटाके उडवले. मी स्वतः उडवले, पेढे वाटले, तोंड गोड करून घेतलं. पुढं? संसदेत प्रश्न, उत्तरात ‘सर्वेक्षण’. पुन्हा प्रश्न, उत्तरात ‘सविस्तर प्रकल्प अहवाल’. पुन्हा प्रश्न, ‘वाहतुकीचा अंदाज, निधीची उपलब्धता, विविध घटक’. दर वेळी इकडं आपलं आपलं चालूच, ‘साहेबांनी रेल्वेमंत्र्यांना धारेवर धरलं’. अरे कसली धार? पाच वर्षांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली तर तारीख झाकून ओळखता येत नाही कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं! सह्याद्री एक्सप्रेस कोरोनात बंद पडली, मुंबईची गाडी पुण्यापर्यंत तोडून आपल्या हातात दिली, त्यावर किती वेळा ‘आवाज उठला’? आणि आवाज उठल्यावर तो कुठं बसला, हे एकानं तरी पाहिलं?

बरं, एक गंमत अशी की मंत्री सभागृहात ‘विचार करू’, ‘तपासून कळवू’ असं काही बोलला तर ते नुसतं बोलणं राहत नाही. त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेची १५ सदस्यांची शासकीय आश्वासन समिती आहे, १९५३ पासून आहे. म्हणजे पकडायला शेपूट आहे. पण शेपूट पकडायचं तर आधी उत्तर वाचावं लागतं, ‘हे आश्वासन कधी दिलं होतं, क्रमांक अमुक, तारीख तमुक’ असं साहेबांच्या ऑफिसात जाऊन सांगावं लागतं. त्याचा व्हिडिओ होत नाही. म्हणून सोडा.

जाता जाता : साहेबांच्या ऑफिसात उत्तराची प्रत मागू नका, चहा घ्या.

आता तुम्ही म्हणाल, अण्णा, विरोधकांना तिथं बोलू देतात कुठं? खरं आहे. डिसेंबर २०२३च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित केले, आणि रिकाम्या बाकांसमोर कायदे झाले. सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्ष मिळाला नाही. माईक बंद, कॅमेरा भलतीकडं, सत्तेतल्यांना घाम फुटेल असा प्रश्न आला की नेमका गोंधळ. हे सगळं मान्य. पण मग नीट विचार करा की. विरोधी खासदाराच्या हातात मंत्रालय नाही, निधी म्हणाल तर वर्षाचे ५ कोटी, तेही हायमास्ट आणि सभामंडपातच जातात. त्याच्याकडं शस्त्र एकच, प्रश्न. आणि प्रश्नाची धार उत्तरात असते. सरकारनं लिहून दिलेलं, सहीशिक्क्याचं, पटलावरचं उत्तर. खोटं असेल तर हक्कभंगापर्यंत जाता येतं, अर्धवट असेल तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा टोचता येतं. आणि आपण काय करतो? तलवारीची मूठ मिरवतो आणि पातं गटारात टाकतो. साहेबांनाही कळलंय ते. गर्दीला मूठच पाहिजे तर पातं घासत बसायचं कशाला? छप्पन सेकंद बोलायचं, बाहेर यायचं, संसदेच्या मकरद्वाराच्या पायरीवर फलक धरून फोटो, संपलं.

घाटाखाली, कोकणात बघा. राजापूरनं आधी नाथ पै पाठवले, मग मधू दंडवते. दोघं विरोधी बाकावरचे. त्या बाकावरचं बोलणं पंतप्रधान मान वर करून ऐकत, कारण माणूस आकडे आणि नियम तोंडपाठ करून उभा राहायचा. दंडवते रेल्वेमंत्री झाले ते दोन-अडीच वर्षं, तेवढ्यात दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम आला. आणि कोकण रेल्वेचा मुद्दा त्यांनी एकदा गाजवून सोडला नाही, वर्षानुवर्षं धरून ठेवला. त्यांच्या मतदारांकडं ना व्हॉट्सअ‍ॅप होतं, ना डिजिटल. त्यांनी पोस्टकार्डं लिहिली. उत्तर काय आलं, हे विचारणारी पोस्टकार्डं.

पुरे झाली ही सूचनागिरी. मला खरोखर राग आलाय, आणि तो साहेबांवर कमी, आपल्यावर जास्त आहे. जुलै उजाडला की पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती, तासातासाला विचारता. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ला किती फूट होतं, २०२१ला किती, चौकात पैज लावून सांगता. अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचं कर्नाटकचं चाललंय म्हटल्यावर दशांशासकट भांडता. मग त्यावर विचारलेल्या प्रश्नाचा क्रमांक का पाठ नाही? जलशक्ती मंत्रालयानं लेखी काय सांगितलं, हे एकाला तरी माहीत आहे का? पाणी घरात येतं तेव्हा ते व्हिडिओ बघून मागं फिरत नाही.

हेच ते शहर आहे का, ज्यानं शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर बसून टोल घालवला? एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडल्यावरही काठी टेकत मोर्चात आघाडीला चालायचे. त्या आंदोलनात लोकांनी टोलचा करार वाचला होता. अख्खा करार, इंग्रजीतला, चहाच्या टपरीवर बसून, एक जण वाचतोय आणि चार जण अर्थ विचारतायत. मी तिथं होतो. आणि आज त्याच पेठेत ‘उत्तर काय आलं’ विचारणारा माणूस तिकडल्या पार्टीचा ठरतो? लाज वाटत नाही?

ग्रुपमध्ये परत घ्या, नाहीतर नका घेऊ. हायवेच्या उत्तराची प्रिंट काढली आहे, दोन पानं, मराठीत अर्थ मी हातानं लिहिलाय. उद्या सकाळी सहाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर असेन. अ‍ॅडमिननं यावं. पाचव्या ओळीत मंत्र्यांनी काम पुरं करायची तारीख दिली आहे. ती तारीख होऊन गेली. पुढच्या अधिवेशनात साहेबांनी तेवढंच विचारायचं, हे त्यांच्या ऑफिसात सांगायला कोण येतंय माझ्याबरोबर?