"शाळा बंद होत्या, मास्तर घरी बसून पगार खात होते" म्हणणाऱ्यांसाठी

तो मेसेज परत फिरायला लागलाय. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग पालकांच्या ग्रुपवर, मग गावाकडच्या. मजकूर थोडक्यात असा, की कोरोनात डॉक्टर लढले, पोलीस लढले, सफाई कामगार लढले, फक्त शाळावाले दोन वर्षं घरी बसून फुल पगार घेत होते, ऑनलाइनच्या नावाखाली यूट्यूबच्या लिंका फॉरवर्ड करत होते, आणि वर म्हणे त्यांचं कौतुक करा. खाली हसणारे इमोजी टाकणाऱ्यांमध्ये ज्यांच्या पोरांचे पेपर त्याच शाळेने तपासले असे लोकही आहेत, म्हणून वाईट वाटलं आणि लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, शाळा बंद म्हणजे काम बंद. मार्च २०२० मध्ये पोरांचं येणं बंद झालं, शाळेचं काम नाही. पोषण आहार शिजवणं थांबलं तेव्हा तांदूळ आणि कडधान्य घरोघरच्या पोरांसाठी वाटायचं ठरलं, ते वाटलं कोणी? आमच्या भागातल्या शाळेत मी स्वतः बघितलंय, गेटच्या आत खडूने गोल आखलेले, एका टेबलावर वजनकाटा, शिपाई काका गोणी फोडतायत, मॅडम यादीतलं नाव शोधून सही घेतायत, आणि मावशी प्रत्येक सहीनंतर पेनाला सॅनिटायझर लावून पुसतायत. एकेका वर्गाला वेगळी वेळ दिलेली, तरी लोक एकदमच यायचे, मग तेच काका तोंडाला रुमाल बांधून रांग लावत फिरायचे. त्या दिवसांत आपण दुधाची पिशवीसुद्धा धुऊन घरात घेत होतो, जरा आठवा.

आणि हे शाळेच्या आतलं झालं. बाहेर राज्यात कितीतरी ठिकाणी शिक्षकांना रेशन दुकानावर, चेकपोस्टवर, घरोघरच्या सर्व्हेला लावलं. मालेगावात केसेस वाढत होत्या तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय वातावरण होतं ते नाशिककरांना सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' सुरू झालं, तेव्हा आशाताईंसोबत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्यांमध्येही शिक्षक होते. घरी बसून झालं का हे सगळं?

दुसरा मुद्दा, लिंका फॉरवर्ड करण्याचा. केल्या, बरोबर आहे. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजचा अभ्यास यायचा तो पुढे पाठवणं हे कामच होतं. पण लिंक पाठवली की संपलं असं ज्याला वाटतं त्याने एकदा चौथीच्या बाईंचा त्या काळातला फोन बघायला पाहिजे होता. घरात फोन एकच, तो बापाकडे, बाप अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत सेकंड शिफ्टला. तो रात्री घरी येणार, मग पोरगं वहीचे फोटो काढणार, म्हणजे बाईंकडे गृहपाठ यायला सुरुवातच रात्री अकराला. त्यातले निम्मे फोटो आडवे, अंधारातले, अंगठा मध्ये आलेला. बाई झूम करून करून वाचणार, बोटाने लाल टिक मारून परत पाठवणार, ज्याचा फोटो आला नाही त्याच्या घरी सकाळी फोन, आणि हे पूर्ण वर्गाचं, बरं का, दोनचार हुशार पोरांचं नाही. रिचार्ज स्वतःच्या पैशाने. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे तर रेंजच नाही, तिथे गुरुजी पाड्यावर जाऊन ओट्यावर, झाडाखाली पोरं गोळा करून शिकवायचे.

आता मेसेजमधला एक भाग खरा आहे, तो मी नाकारत नाही. पोरांचं नुकसान झालं, प्रचंड झालं. तिसरीतलं पोर पाचवीत गेलं आणि त्याला धड वाचता येईना. काही शिक्षकांनी टाळाटाळ केली, तेही खरं. पण शाळा कधी उघडायच्या हे मास्तर ठरवत नव्हते, सरकार ठरवत होतं. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी उघडायचं ठरलं तेव्हा शिक्षकांना आधी कोरोना टेस्ट करून या म्हटलं, आणि ते लाइनीत उभे राहिले.

दहावीचं २०२१ चं साल आठवा. परीक्षा रद्द, मग निकाल शाळेनेच लावायचा, नववीचे ५०, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी प्रॅक्टिकलचे २०. जुनी रजिस्टरं काढा, जुळवा, पोर्टलवर भरा, सर्व्हर डाऊन, परत भरा. १६ जुलैला निकाल लागला आणि आपण पेढे वाटले. त्या मार्कांमागे क्लार्क आणि वर्गशिक्षक किती बसले असतील याचा विचार कोणी केला?

फुल पगाराचं थोडक्यात सांगतो. मार्च २०२० चा पगार सरकारी आणि अनुदानित वाल्यांनाही एकदम मिळाला नाही, क गटाला, म्हणजे बहुतेक शिक्षक आणि क्लार्क यांना, आधी ७५ टक्के आणि बाकीचा नंतर. आणि विनाअनुदानितवाल्यांचं काय? फी आली नाही म्हणून कितीतरी ठिकाणी पगार निम्म्यावर आले, कुठे बंदच झाले, आणि तरी लेक्चर चालू होतं. व्हॅनवाल्या काकांची तर कमाईच गेली, वर गाडीचे हप्ते चालू. मेसेजमध्ये "शाळावाले" म्हणून ज्यांना शिव्या घातल्यात त्यात ही माणसंही येतात, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

शेवटचं, "ते त्यांचं कामच होतं, कौतुक कशाला". डॉक्टरांचंही कामच होतं की, टाळ्या वाजवल्याच ना आपण, आणि बरोबरच केलं. कोविड ड्युटीवर जीव गेला तर कुटुंबाला ५० लाख, असं राज्य सरकारने २०२० मध्ये काढलं ते उगाच नाही, त्या कामात जीव जाऊ शकतो हे सरकारलाही माहीत होतं.

ज्याने ग्रुपवर टाकलाय त्याने तो मेसेज काढावा ही विनंती. आणि ५ सप्टेंबरला शिक्षकांना शुभेच्छा पाठवाल तेव्हा शाळेतल्या क्लार्कला, शिपाई काकांना आणि मावशींनाही एक फोन करा, नंबर शाळेत मिळेल.